एकनाथची साठ झाडं

"इथं कोण पितं हो कॉफी?"

गेली बावीस वर्षं हा प्रश्न मी ऐकतो आहे. नाशिकचा माणूस चिवड्यासाठी रांग लावेल, मिसळीसाठी मखमलाबादपर्यंत जाईल, पण कॉफी भाजणाराही या गावात असतो हे त्याला पटत नाही. द्वारकेच्या चौकापासून जरा आत, टायरवाल्यांच्या मागच्या गल्लीत माझा गाळा आहे. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, मध्ये भाजणीचा ड्रम. तो ड्रम मी स्वतः बनवला. त्याआधी मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होतो. कंपनी बंद पडली तेव्हा हातात कौशल्य होतं आणि घरी बसवत नव्हतं. शेजारी एक तमिळ गृहस्थ राहत, ते कॉफीसाठी हळहळायचे. "ताजी भाजलेली मिळत नाही हो इथे," म्हणायचे. त्यांच्यासाठी म्हणून पहिल्यांदा लोखंडी कढईत भाजली, करपवली, पुन्हा भाजली. पुढे तोच धंदा झाला.

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेतच. खजुराच्या बिया भाजून द्या म्हणून पोत्यात भरून आणणारे एक वैद्य होते. नव्या फ्लॅटच्या रंगाचा वास घालवायला चार कोपऱ्यांत ठेवायची म्हणून कॉफी नेणाऱ्या एक बाई होत्या. त्र्यंबक रस्त्यावरचा एक हॉटेलवाला तर म्हणायचा, "काका, काळी कुळकुळीत करा. कडू लागली म्हणजे गिऱ्हाइकाला वाटतं, पैसे वसूल." पण लिहायला बसलो की यातलं काहीच समोर येत नाही. समोर येतो तो एकनाथ. म्हणून त्याचंच सांगतो.

त्याआधी भाजणीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कर्नाटकातून येणारं कॉफीचं बी हिरवट असतं. त्याला वाळल्या गवतासारखा वास येतो. ते तसंच उकळून प्यायलात तर थुंकून टाकाल. तापलेल्या ड्रममध्ये ते पडलं की आधी पिवळं होतं आणि भाकरी शेकल्यासारखा वास सुटतो. मग तपकिरी होत जातं. दहाव्या मिनिटाच्या आसपास बी तडकायला लागतं, लाह्या फुटाव्यात तसं. हा पहिला तडका. त्यानंतर थोड्या वेळाने दुसरा तडका, हलका, वाळका पाचोळा चुरगळल्यासारखा. या दोन तडक्यांच्या मधल्या दोन-तीन मिनिटांत कॉफी होते किंवा बिघडते. त्या वेळात मी कुणाशी बोलत नाही. रेडिओ नाही, फोन नाही. डोळा रंगावर, कान तडक्यावर, आणि नाक सगळ्याच्या पुढे. रंग फसवतो, कारण ट्यूबलाइट बदलली तरी तो बदलतो. आवाज बाहेरच्या ट्रकच्या हॉर्नमध्ये बुडतो. नाक फसवत नाही. आंबट वास गोड व्हायला लागतो आणि गोडाचा धुराकडे कल जातो, त्याच्या अर्धा मिनिट आधी ड्रम रिकामा करायचा. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मलाही कुणाला शिकवता आलं नाही.

तसा हा धंदा एकट्याचाच. पण घरी गेलं की एकटेपण संपायचं. सुनंदा, माझी बायको, दार उघडतानाच सांगायची, "आज जास्त भाजलीत." माझ्या शर्टाच्या वासावरून सांगायची, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही आजारी पडलो. मी घरातच बरा झालो. ती दवाखान्यात गेली आणि परत आली नाही.

महिन्याने गाळा उघडला. ड्रम पेटवला, बी टाकलं, रंग बदलला, तडका झाला. वास मात्र आला नाही. मला वाटलं बी जुनं आहे. दुसरं पोतं फोडलं. मग डबे उघडले, कॉफीत मिसळायची चिकोरी, वेलदोडा, शेवटी रॉकेलची बाटली. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू, बऱ्याच जणांचा आला." माझा आला नाही.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. लोक भेटायला यायचे ते सुनंदासाठी. हात हातात घ्यायचे, डोळ्यांत पाणी आणायचे. बायको गेलेल्या माणसाने त्यांच्यापुढे नाकाची काय तक्रार करायची? लाज वाटायची. आणि दुसरी एक गोष्ट होती, ती जास्त खरी: ज्याला वास येत नाही त्याच्याकडून कॉफी कोण घेणार? म्हणून मी घड्याळ लावलं, थर्मामीटर बसवला, रंगाचे नमुने काचेच्या बाटल्यांत भरून समोर ठेवले आणि भाजत राहिलो. गिऱ्हाइकं येत राहिली. मला वाटलं, जमलं.

अशीच दोन वर्षं गेली. मग फेब्रुवारीत एके दिवशी सकाळी एक माणूस खांद्यावर गोणपाटाची पिशवी घेऊन गाळ्याच्या दारात उभा राहिला. पन्नाशीचा असेल. काळासावळा, उन्हाने रापलेला, चपला दाराबाहेर काढून आला.

"शेठ, कॉफी तुमीच भाजता ना?"

"हो. किती देऊ?"

"द्यायची नाय. आणलीय." त्याने पिशवी काउंटरवर ठेवली. "माझ्या रानातली हाय."

हाच एकनाथ. घोटीच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्याचं गाव. भात, नागली, थोडा भाजीपाला. शेतीच्या जोडीला तो मालाची गाडी चालवायचा. सात वर्षांपूर्वी तांदूळ घेऊन कर्नाटकात गेला असताना गाडी बिघडली आणि चार दिवस एका कॉफीच्या मळ्याजवळ अडकला. तिथल्या डोंगराकडे बघून त्याच्या मनात आलं की हा तर आपल्यासारखाच डोंगर, असाच पाऊस, अशीच सावली. मळ्यावरच्या मुकादमाने जाताना त्याला पिशवीतली रोपं दिली. ती त्याने केबिनमध्ये, पायाशी ठेवून आणली आणि ओढ्याकाठी फणसाच्या सावलीत लावली. साठ जगली.

"गावात मला कॉफीवालाच म्हणत्यात," तो हसून म्हणाला. "लय हसत्यात. हसू द्या. औंदा पहिल्यांदा बरी फळं धरली. लाल झाली तशी तोडली, पत्र्यावर वाळवली, न् बायकोनं भातावानी उखळात सडली."

मी पिशवीत हात घातला. चारेक किलो बी असेल. लहानमोठं, उखळात सडल्यामुळे बरंच फुटलेलं, कुठे हिरवं कुठे पिवळसर.

"तुम्ही पिऊन बघितलीत का?" मी विचारलं.

"आमी? आमी चहावाले. एकदा तव्यावर भाजली तर कोळसा झाला. तुमी भाजा. तुमी पिऊन बघा न् मला खरं काय ते सांगा. ओढ्याकडची ती जागा माझी चांगली जागा हाय, उन्हाळ्यात पानी ऱ्हातं. कॉफी चांगली असंल तर आजून लावतो. नसंल तर काढून टमाटे करतो. बायकोला तसा शबुद दिलाय."

त्या वेळी मला सांगता आलं असतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. 'भाऊ, मला वास येत नाही, तुम्ही दुसऱ्या कुणाला दाखवा,' एवढंच. मी म्हणालो, "ठेवून जा. दोन दिवसांत फोन करतो."

तो गेल्यावर मी ते सगळं बी भाजलं. फुटलेले तुकडे आधी काळे झाले, मोठे दाणे मागे राहिले. तडका विस्कळीत झाला. दुसऱ्या दिवशी दळून फिल्टरमध्ये डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, काढलं आणि प्यायलो. वास नसला की कॉफीत जिभेला दोनच गोष्टी कळतात, कडू आणि आंबट. ही आंबट लागली, नेहमीच्यापेक्षा बरीच. वाळवताना खराब झाली असणार, असं मी ठरवलं.

ठरवलं म्हणजे काय, ते आज मला नीट माहीत आहे. मला कळलं नव्हतं. पण कळलं नाही म्हणायची सोय मी स्वतःला ठेवली नव्हती. मग मनाशी हिशेब मांडला: चांगली म्हटलं आणि वाईट निघाली तर हा माणूस आणखी झाडं लावून फसेल. वाईट म्हटलं तर निदान नुकसान तरी होणार नाही. 'नाही' म्हणणं मला सुरक्षित वाटलं.

फोन केला. "एकनाथभाऊ, मनाला लावून घेऊ नका. पण नाही जमलेली."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"काहीच नाय का?"

"आंबट आहे. दाणा पण बारीक. विकण्यासारखी नाही."

"बरं," तो म्हणाला. "उरलेली टाकून द्या. तेवढ्यासाठी कशाला येऊ."

मला टाकवलं नाही. कुणीतरी हाताने सडलेलं बी होतं. भाजलेलं एका डब्यात भरलं, चिठ्ठी लावायची राहिली, आणि डबा फळीवर इतर डब्यांत गेला.

आता राजम टीचरांबद्दल. गणित शिकवायच्या, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. दर शनिवारी सकाळी रिक्षाने येतात, रिक्षा थांबवून ठेवतात आणि पाव किलो दाणे नेतात. घरी स्वतः दळतात. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्या फेब्रुवारीत त्या बहिणीकडे कोइमतूरला निघाल्या होत्या, घाईत होत्या. मी फळीवरचा डबा काढला, पाकीट भरून, बंद करून दिलं. डबा कुठला, ते मी बघितलं नाही. पूर्वी झाकण उघडताक्षणी कळलं असतं.

मार्चच्या अखेरीला त्या आल्या. तेच पाकीट, अर्धंअधिक भरलेलं, त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"हे काय दिलंत तुम्ही मला?"

मी पाकीट उघडून आत पाहिलं. फुटके, लहानमोठे दाणे. चटकन ओळखलं. डब्यातली बाकीची अशीच इतर गिऱ्हाइकांना गेली होती. "माफ करा टीचर, चुकून गेलं. बदलून देतो."

"बदलून कशाला? मला हीच पाहिजे. परवा आल्यावर उघडली. इतकी छान कॉफी मी तुमच्याकडे कधी प्यायले नाही. रागावू नका, पण कुठेच नाही प्यायले. गूळ, संत्र्याची साल, आणखी काहीतरी. कुठल्या मळ्यातली?"

मी पाकीट पुन्हा मिटलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"श्रीधर," त्या म्हणाल्या, "पाकीट उघडलंत आणि नाकाशी नेलं नाहीत. वीस वर्षांत असं मी कधी पाहिलं नव्हतं."

"हो."

"वास येत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"सुनंदा गेली तेव्हापासून."

त्या स्टुलावर बसल्या. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. "दोन वर्षं तुमची कॉफी बिघडली आहे. मला कळत होतं. वाटलं, दुःखात आहेत, होईल नीट. म्हणून बोलले नाही."

म्हणजे जमलेलं नव्हतंच. त्या माझ्या दुःखाकडे बघून गप्प होत्या, आणि त्यांच्यासारखे आणखी किती जण गप्प असतील कोण जाणे. इकडे मी समजत होतो की कुणाला कळलं नाही. मग मी त्यांना एकनाथचं सगळं सांगितलं.

"आत्ताच्या आत्ता फोन करा," त्या म्हणाल्या. वर्गातल्या मुलाला सांगावं तसं.

मी फोन लावला. एकनाथने लगेच उचलला. आवाज खुशीत होता.

"बोला शेठ!"

"एकनाथभाऊ, ती झाडं..."

"काढली ना. तुमी सांगितलं त्याच आठवड्यात. शेजारच्या विहिरीवर जेसीबी आला व्हता, म्हनलं इकडं पन हात फिरवून घ्या. मुळासकट निघाली. टमाटे लावलेत आता."

"सगळी?"

"सगळी. बरं झालं तुमी खरं बोलले. नायतर लोक गोड बोलून फशिवत्यात."

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. "मी येतो भेटायला," एवढंच म्हणालो आणि ठेवून दिला. टीचरांनी तोंडावरूनच ओळखलं. मी बरोबर येऊ का, म्हणाल्या. मी नको म्हटलं. जाताना त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. "हे त्यांचं आहे. त्यांना प्यायला द्या."

दुसऱ्या दिवशी गाळा बंद ठेवला. पिशवीत फिल्टर आणि दळलेली कॉफी घेऊन घोटीला जाणारी एसटी धरली. एकनाथ स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. वाटेत त्याने मला भाताची खाचरं दाखवली, शाळा दाखवली. पाहुणा आला म्हणून खूश होता. मी त्याच्या मागे बसून वाक्यं जुळवत होतो.

घरी त्याची बायको, मंदाबाई, चहाचं आधण ठेवायला निघाली. मी म्हटलं, थांबा. आणि पडवीतच, चपला नीट काढायच्या आधी, सांगून टाकलं. नाक गेल्याचं, लपवल्याचं, त्यांची कॉफी न कळताच नाही म्हटल्याचं, टीचरांचं. सगळं.

एकनाथ खांबाला टेकून उभा होता. शेवटी म्हणाला, "मंग तवाच का नाय सांगितलं?"

"लाज वाटली."

"मी तुमच्या इश्वासावर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

मंदाबाई माझ्या पिशवीकडे बघत होती. "त्यात काय हाय?"

"तुमचीच कॉफी. थोडी राहिली आहे."

"मंग करा," ती म्हणाली. "सडून सडून हाताला फोड आले व्हते माझ्या. कशी लागती ते तरी कळू द्या."

चुलीपाशी बसून मी फिल्टर लावला. डिकॉक्शन थेंब थेंब उतरायला वेळ लागतो; तोवर मंदाबाईने पेले धुऊन ठेवले. म्हशीचं दूध घरचंच होतं. साखर न घालता तीन पेल्यांत ओतली. मंदाबाईने पेला तोंडाशी नेला आणि प्यायच्या आधीच थांबली.

"कसला वास येतोय?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"नागली भाजल्यावानी," ती म्हणाली. मग एक घोट घेतला. "न् मागून काकवी. गुऱ्हाळात येतो तसा." आणखी एक घोट. "गोड हाय वो ही."

माझ्या पेल्यातली गरम होती आणि कडू होती. मी त्या दोघांच्या तोंडाकडे बघत होतो. आयुष्यभर लोकांना मी कॉफीचे वास समजावून सांगितले. आज चहा पिणारी एक बाई मला माझ्याच भाजणीचा वास सांगत होती, आणि तिच्या शब्दांपलीकडे मला काहीही मिळणार नव्हतं.

एकनाथने पेला उभ्याउभ्या संपवला. शेवटचा घोट त्याने तोंडात बराच वेळ धरला. मग पेला खाली ठेवून तो ओढ्याकडे गेला. पडवीतून दिसत होतं: फणसाची दोन मोठी झाडं, त्यांच्या खाली तांबड्या मातीचे सरळ वाफे आणि काठ्यांना बांधलेली टोमॅटोची रोपं. तो वाफ्यांच्या कडेला उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

"जावं का मी तिकडे?" मी मंदाबाईला विचारलं.

"नगा जाऊ," ती म्हणाली. "सात वरसं रोज तिथं जायाचे. येतील."

मी त्याला रोपं आणून द्यायचं कबूल केलं, ओळखीच्या मळेवाल्याकडून, माझ्या खर्चाने. तो परत आल्यावर हे बोललो तेव्हा त्याने ऐकून घेतलं. "किती वरसं लागतील?" म्हणाला.

"चार. बरी फळं धरायला पाच."

"तवर मी पंचावन्नाचा," तो म्हणाला. "बगू." त्या 'बगू'त होकार नव्हता.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. दुपारी तो मला घोटीच्या स्टँडवर सोडायला आला. वाटेत या वेळी त्याने काही दाखवलं नाही. मी उतरलो, हात जोडले. त्याने गाडी बंद केली नाही.

"तुमी आला नसता तर आमाला कळलं नसतं," तो म्हणाला.

"हो. म्हणूनच आलो."

त्याने मान हलवली. रागाने नाही, विचार करून बोलावं तसं म्हणाला, "नसतं कळलं तर बरं झालं असतं, शेठ." आणि गाडी वळवून गेला.

या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. रोपं मी पाठवली होती. पोचली, एवढा निरोप मंदाबाईचा आला. लावली की नाही, मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला वाटत नाही.

घोटीहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गाळा उघडला. पहिलं गिऱ्हाईक अनोळखी होतं, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला एक माणूस, साहेबांसाठी कॉफी न्यायला आलेला. मी डब्याचं झाकण काढून डबा त्याच्यापुढे धरला.

"मला वास येत नाही," मी म्हणालो. "तुम्ही घेऊन बघा आणि बरी वाटली तरच न्या."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तो हसला, माझ्याकडे बघून थांबला. मग वाकून त्याने डब्यात नाक घातलं आणि डोळे मिटले. मी डबा धरून उभा राहिलो, तो काय म्हणतो त्याची वाट बघत.